कावळा शिवत नाही

कोलशेतच्या खाडीवर, दहाव्याच्या छपरापुढे सारा गाव जमला होता. विश्रामचा दहावा होता. केळीच्या पानावर पिंड मांडलेले, ऊन चढत चाललेलं, आणि समोरच्या उंबरावर कावळेच कावळे. फांदी न् फांदी काळी झाली होती. मघाशी त्यांनी आकाश डोक्यावर घेतलं होतं. आता सगळे गप्प बसून माना तिरक्या करून बघत होते. खाली मात्र एकही उतरत नव्हता.

विश्रामच्या धाकट्या भावाने, दगडूने, हात जोडून कबूल करायचं ते सगळं केलं. "तुझ्या पोरीला सांभाळीन. मिठागराचा बांध पडू देनार नाय." कावळा शिवेना.

तेव्हा काकनाथबुवा उठले. वर्षापूर्वी खाडीपलीकडून आलेले हे महाराज कावळ्यांची भाषा जाणतात, असं म्हणत. म्हणणारे पहिले अर्थात तेच.

"ऐका! आत्मा बोलतोय," बुवांनी डोळे मिटले. "तुम्हाला नाही ऐकू यायचं. तुमचे कान मिठाने भरलेत. आम्ही सात जन्म कावळ्याच्या योनीत काढले, तेव्हा कुठे हे व्याकरण कळलं! आत्मा म्हणतो, मी आपल्या मरणाने मेलो नाही. तुळसे, पुढे ये."

विश्रामची बायको पुढे आली. बुवांनी तिच्या हातात एक काळी, लोंबती झोळी दिली. "रक्षेची झोळी आहे. निर्दोष असशील तर पाखरू अंगावर यायचं नाही. उंच धर."

तिने हात वर केला, आणि उंबर फुटल्यासारखा झाला. कावळे सरळ तिच्यावर आले. कुणी डोक्यावर चोच मारली, कुणी पदर ओढला. तुळसा ओरडत वाळूत बसली, तिच्या कपाळावरून रक्त ओघळलं. गर्दीतून एकच माणूस धावला. तिचा थोरला भाऊ, सहदेव मास्तर. त्याने आपलं उपरणं तिच्यावर आणि झोळीवर टाकलं, आणि तिला तशीच गुंडाळून उचललं.

मागे कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "डाकीण." मग तो शब्द कुणाला हलक्या आवाजात म्हणावासा वाटला नाही.

बुवांचा चेला नाथा तीर्थ आणायला म्हणून छपरामागे गेला. बुवांनी काहीबाही मंत्र पुटपुटले. थोड्या वेळाने कावळे एकेक करून उतरले आणि पिंड उचलून गेले. लोकांनी बुवांच्या पायांवर लोटांगण घातलं.

आता, बुवांचा तुळसेवर राग का, हे गावाला ठाऊक होतं, पण ते कुणी जोडून पाहिलं नाही. विश्राम तापाने फणफणला तेव्हा दगडूने बुवांना आणलं होतं. बुवांनी राख फासली, उतारा टाकला. ताप वाढतच गेला. शेवटी तुळसा भर अंगणात म्हणाली, "बुवा, तुमची राख चुलीतली आन् माझीबी चुलीतलीच. उठा आता." आणि तिने नवऱ्याला नावेत घालून ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. फार उशीर झाला होता. तो वाचला नाही.

सहदेव कोलशेतचाच. ठाण्यात शिकून गावच्या शाळेवर मास्तर झालेला. ठाण्याला आगगाडी येऊन तीस वर्षं होत आली होती. पोरांना तो वाफेचं यंत्र फळ्यावर काढून दाखवी. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तुळसा पाण्याला निघाली, आणि हातात काही नसताना कावळे पुन्हा तिच्यावर आले. तिसऱ्या दिवशीही तेच. आजूबाजूने दहा बायका चालत होत्या. कावळ्यांनी नेमकी तीच निवडली.

तिला विहीर बंद झाली. सासरच्यांनी तान्ही मुलगी काढून घेतली आणि तिला सहदेवच्या घरी धाडलं. बुवांनी जाहीर केलं, अमावास्येला दिव्य होईल. उकळत्या तेलातून कडं काढायचं. हात पोळला नाही तर निर्दोष.

"मी ठाण्याला फौजदाराला कळवतो," सहदेव म्हणाला.

"कळवा की," दगडू म्हणाला. "शिपाई कढई उलथी करतील, मास्तर. कावळ्यांना काय बेड्या घालतील?"

ते सहदेवला लागलं, कारण ते खरं होतं. शिपायांनी दिव्य थांबवलं असतं, डाकीण हे नाव पुसलं गेलं नसतं. घरी तुळसा कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तिच्याकडे बघता बघता सहदेवच्या मनात आलं, हिने खरंच काही केलं तर नसेल? क्षणभरच आलं. पण तिने मान वर केली आणि ते त्याच्या डोळ्यांत वाचलं.

"दादूस," ती म्हणाली, "तूबी?"

सहदेव उठला. दहाव्यापासून उपरण्यासकट कोपऱ्यात पडलेली ती काळी झोळी खाडीत फेकून द्यावी म्हणून उचलली आणि बाहेर पडला. आंब्याखाली पोचतो न पोचतो तोच कावळे त्याच्यावर आले. त्याने पळत जाऊन एका बांधावरच्या काठीला झोळी अडकवली आणि दूर झाला. कावळे त्याला सोडून काठीवर तुटून पडले.

सहदेव बघतच राहिला. आपण तुळसेचे भाऊ म्हणून आपल्यावर पाप आलं असेल, असंही म्हणता आलं असतं. पण या काठीने कुणाचा नवरा मारला होता?

त्याने झोळी सोडवून उसवली. आत राख नव्हतीच. कापडाला बाहेरून, काळ्यावर काळे कळू नयेत असे, कावळ्याचे पंख टाचले होते. हातातून लोंबली की ती मेलेल्या कावळ्यासारखी दिसे. आपला मेलेला भाऊबंद ज्याच्या हाती दिसेल त्याच्यावर कावळ्यांची अख्खी वस्ती धावून येते, हे त्याने लहानपणी पाहिलं होतं, पण कधी नीट विचार केला नव्हता.

मग रिकाम्या हाताच्या तुळसेवर का? कावळ्यांनी आपल्यालाही पाहिलंय म्हणून तो स्वतः दाराआड राहिला आणि तिला घोंगडीची खोळ घालून, तोंड झाकून अंगणात फिरायला लावलं. कावळे आपले झाडावर चोच घासत बसले. घोंगडी काढली मात्र, कालवा सुरू झाला.

"तुझं तोंड त्यांनी ध्यानात ठेवलंय, तुळसे," सहदेव म्हणाला. "त्यांच्या लेखी तू त्यांच्यातला एक मारलास. विश्रामचा जीव असता तर घोंगडीआडची बायको त्याला ओळखता आली नसती?"

तुळसा कितीतरी दिवसांनी रडली.

पण पिंडाचं कोडं उरलंच होतं. आणि तेवढ्यात गावात दुसरं मरण झालं. भाऊ म्हणून एक नावाडी होता, त्याची आई विमलाबाई. तिलाही तोच ताप. नाव दाराशी बांधलेली होती, ठाणं भरतीच्या एका खेपेवर होतं. पण तुळसेचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलेलं. भाऊने आईला बुवांच्या राखेवर ठेवलं.

विमलाबाईचा दहावा नेमका अमावास्येला आला. बुवांनी दोन्ही कार्यक्रम एकदमच ठेवले. छपराशेजारी चूल पेटली, कढईत तेल चढलं. तोंडावर पदर ओढलेल्या तुळसेला दोघांनी दंडाला धरून आणलं. उंबर पुन्हा कावळ्यांनी काळा झाला होता, आणि पिंडाला पुन्हा कावळा शिवत नव्हता.

तोंडाला पंचा गुंडाळलेल्या सहदेवने या खेपेला पिंडाकडे पाहिलंच नाही. त्याने कावळ्यांच्या नजरा पाहिल्या. ते पिंडाकडे बघत नव्हते. सगळ्यांच्या चोची छपराकडे होत्या.

"पाटील," तो पुन्हा शिवून उपरण्यात गुंडाळून आणलेली झोळी पुढे करत तानाजी पाटलांना म्हणाला, "दिव्य व्हायचंच आहे तर आधी एक माझंही होऊ द्या. ही झोळी धरून चार पावलं चाला. तुम्ही तर कुणाला मारलं नाही ना?"

"मास्तर, खेळ नको," बुवा ओरडले. "आत्मे खवळतील!"

पाटील हट्टी माणूस. नको म्हटलं की करणारा. त्याने झोळी घेतली आणि पाऊल टाकलं. कावळ्यांनी पाटलाचं पागोटं वाळूत लोळवलं. गर्दीत कुणी हसलं नाही. उलट सगळे एकमेकांपासून जरा लांब सरकले.

"भाऊ," सहदेव म्हणाला, "छपरावर चढ. खालून दिसत नाही, वरून दिसतं असं काहीतरी तिथे आहे."

नाथा पळायला लागला, तो दगडूच्याच अंगावर आदळला. भाऊ शिडी लावून वर चढला आणि कौलांवर वाकला.

"मेलेला कावळा हाय," तो वरून म्हणाला. "पंख पसरून, पायाला दोरी बांधून मागं सोडलीय."

सहदेवने सांगितलं ते अगदी थोडक्यात. जिथे आपल्यातला एक मरून पडलाय, तिथे कावळा अन्नाला तोंड लावत नाही. तिथे धोका आहे हे त्याला कळतं. चेल्याने मागून दोरी ओढून मुडदा पोत्यात घातला की कावळे उतरतात. तीर्थ आणायला नाथा छपरामागे जात होता तो यासाठी.

"बुवा, चीज तुमची," पाटील म्हणाले. "तुम्हीच खाली आणा."

बुवांना पाटलाने शिडीवर चढवलं. मेलेला कावळा हातात घेऊन ते उतरू लागले, आणि उंबर पुन्हा फुटला. या खेपेला कुणी उपरणं टाकायला धावलं नाही. बुवा चिखलातून खारफुटीकडे पळाले, आणि कावळे लांबवर त्यांच्या मागे गेले. पुढे एकदोनदा बुवा या किनाऱ्यावर दिसले म्हणतात. पण नाव काठाला लागायच्या आत कावळे माथ्यावर हजर. ज्या पाखरांची भाषा येते म्हणून ते पोट भरत, त्यांनी बुवांचं तोंड मात्र चांगलं वाचलं होतं.

दगडूने तुळसेची मुलगी आणून तिच्या ओटीत दिली. कढई कुणीतरी खाली उतरवली. लोक पांगले तरी भाऊ तिथेच बसून होता. पिंड आता कावळ्यांनी नेले होते.

"मास्तर," तो म्हणाला, "माझ्या आयला ठाण्याला नेली असती तर?"

सहदेवने खोटं सांगितलं नाही. "वाचली असती असं नाही म्हणत, भाऊ. पण नेता आली असती."

भाऊने मान हलवली. त्या वर्षी कोलशेतमध्ये पुष्कळांना ताप आला. भाऊची नाव ठाण्याला किती खेपा गेली याला गणती नाही. काही वाचले, काही नाही.

तुळसेवर कावळे पुढे कितीतरी महिने धावून येत. गाव सगळं जाणून होतं, तरी कावळे कालवा करू लागले की एखादी म्हातारी बिचकून तिच्याकडे पाहायचीच. मग तुळसा पाण्याचा हंडा खाली ठेवून विचारायची, "काय ग आत्या, छपरावर कुनी चढून बघितलं का?"

एवढंच विचारायचं असतं. अक्कल कावळ्याला आहे. पाहिलेलं तो विसरत नाही. माणसाला त्याहून एक गोष्ट जास्त दिली आहे, शिडी लावून वर बघण्याची. ती वापरायला कुठल्याही बुवाची परवानगी लागत नाही.