माणिकप्पाची फुंकर

सुकन्याची सहा वर्षांची पीएचडी एका शिखरावर उभी होती, आणि तेही कागदावरच्या. नांदेडच्या त्या विभागात अवरक्त किरणांचं एक यंत्र होतं. नमुन्याची चकती त्याच्या पेटीत ठेवायची, झाकण लावायचं. कोणत्या रेणूनं कोणते किरण गिळले त्याचा आलेख पडद्यावर उमटायचा. निकेलच्या नमुन्यात, कार्बन डायऑक्साइड जिथं दिसतो तिथं, एक जोडशिखर यायचं. त्यातलं एक मोकळ्या वायूचं आणि दुसरं निकेलच्या आयनानं धरून ठेवलेल्या वायूचं, असा शोध तिचे मार्गदर्शक राघवेंद्र सर यांनी बारा वर्षांपूर्वी लावला होता. त्या शोधावर सर प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले, आणि सत्काराच्या शाली ठेवायला घरी वेगळं कपाट घ्यावं लागलं.

सुकन्यानं निकेलच्या जागी तांबं घातलं, कोबाल्ट घातलं. प्रत्येक धातूची पकड वेगळी, तेव्हा शिखर थोडं तरी सरकायला हवं होतं. ते तसूभर हललं नाही. सर म्हणाले, "हीच तर गंमत आहे." सर म्हणाले म्हणजे गंमतच असणार, असं ती धरून चालली. शहाण्या मुली अशाच फसतात.

यंत्राला विद्यार्थ्यांचा हात लागायचा नाही, हा सरांचा नियम होता. चकती करायची ती परिचर माणिकप्पानंच. देगलूरकडचा हा माणूस सत्तावीस वर्षं त्या खोलीत होता. पांढरं मीठ खलात घोटून, त्यात चिमूटभर नमुना मिसळून, दाबून तो अशी चकती काढायचा की काचेनं लाजावं.

जानेवारीत माणिकप्पा पोरीच्या लग्नासाठी आठ दिवस रजेवर गेला. सुकन्याचं लोखंडाचं एकच वाचन राहिलं होतं, आणि प्रबंध देण्याची घाई होती. लातूरच्या एका कॉलेजात तिची कायम नोकरीसाठी निवड झाली होती; जूनअखेर पदवी हातात असली तर जागा तिची, नाहीतर दुसऱ्याची. लातूरहून मुरुड तासाभराच्या वाटेवर, आणि मुरुडला आई एकटी. सरांनी नाइलाजानं किल्ली दिली.

तिनं चकती केली, ठेवली, झाकण लावलं. शिखर आलं नाही. दुसरी केली, तिसरी केली, पाच केल्या. पडद्यावरची रेघ सरळच्या सरळ.

माणिकप्पा परत आला तो बुंदीचा पुडा घेऊनच. तिचं रडगाणं ऐकून हसला. "घाबरून कामून राहिल्या ताई? आणा हिकडं. लई नाजूक काम हाय ते."

त्यानं आधी रिकाम्या पेटीचं वाचन घेतलं. तेवढी हवा यंत्र हिशेबातून वजा करतं. मग चकती ठेवली, पेटीत तोंड घातलं, गाल फुगवून चकतीवरची भुकटी फुंकून उडवली आणि झट्‌दिशी झाकण लावलं. जोडशिखर हजर.

"आलं का न्हाई?" माणिकप्पा म्हणाला.

सुकन्या त्याच्या फुगलेल्या गालांकडे बघत राहिली. दुपारी तो चहाला गेल्यावर तिनं नुसत्या मिठाची चकती ठेवली. धातूचा कणही नाही. वाकून फुंकर मारली. तेच जोडशिखर, त्याच जागी. दोन्ही टोकं मोकळ्या वायूचीच होती. बारा वर्षं जगाला निकेलची पकड म्हणून दाखवली ती माणिकप्पाच्या तोंडची वाफ होती. तिला आधी हसू फुटलं, मग सहा वर्षं आठवून ती तिथंच रडली.

संध्याकाळी तिनं दोन्ही आलेख सरांपुढे ठेवले. सरांनी चष्मा काढून पुसला.

"आणखी कुणाला दाखवलंस?"

"नाही, सर."

"चांगलं केलंस. माणिकप्पाला उद्याच तिथून हलवतो."

तिला सरांचा अभिमान वाटला. फुंकर मारणाराच गेला की शिखर जाईल, मग सर चूक कबूल करतील, तिला नवं काम करायला वेळ देतील, असं भाबडं गणित तिनं मांडलं. माणिकप्पा फाटकावर रजिस्टर घेऊन बसला. पंधरा दिवसांनी सरांनी तिला बोलावून सांगितलं, "प्रबंध आहे तसा दे. लातूरची जागा हवी आहे ना?"

तिनं तो दिला.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक सरांचे जुने वर्गमित्र, सेंद्रिय रसायनवाले. गप्पांच्या भरात म्हणाले, "एवढं नावाजलेलं शिखर, एकदा डोळ्यांनी बघू तरी." सगळी वरात यंत्राच्या खोलीत गेली. माणिकप्पाची जागा रिकामी होती. सुकन्यानं रिकाम्या पेटीचं वाचन घेतलं, चकती ठेवली. झाकणावर तिचा हात होता. नुसतं लावायचं होतं. सरळ रेघ आली असती, आणि तिला एक शब्दही बोलावा लागला नसता.

"भुकटी आहे बघ त्यावर," सर हळूच म्हणाले.

सुकन्यानं पेटीत तोंड घातलं, गाल फुगवले आणि फुंकर मारली.

"वा!" परीक्षक म्हणाले. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं, आणि तिच्या नावाआधी डॉक्टर लागलं.

पेढे घेऊन ती फाटकावर गेली. माणिकप्पा लगबगीनं उठला.

"डाक्टर झाल्या ताई! लई भारी झालं. चकती कुणी केली?"

"मीच."

"फुंकर मारली व्हती ना? न्हाईतर भुकटी ऱ्हाती."

"मारली, मामा."

त्याचा चेहरा खुलला, आणि लगेच उतरला. "ताई, एक इचारू? सर म्हणले, माणिकप्पा, तुझ्या हातून चूक झाली. काय चूक झाली ते कुणीबी सांगून न्हाई राहिलं. तुमाला ठावं हाय का?"

"तुमचं काही चुकलं नाही, मामा."

"मंग?"

सुकन्यानं पेढ्यांचा पुडा तसाच्या तसा त्याच्या हातात दिला आणि लातूरच्या गाडीला उशीर होतोय म्हणून निघाली.