मुलीची इच्छा नाही

नवा कायदा आला की त्याच्या मागून तो शिकवणारे येतात, आणि शिकवणाऱ्यांच्या मागून बिस्किटं येतात. संस्थेच्या मोठ्या खोलीत, जिथे एरवी मुलं दुपारची झोपतात, तिथल्या गाद्या भिंतीला टेकवून खुर्च्या मांडल्या होत्या. पडद्याचं काम एका धुतलेल्या चादरीकडे आलं होतं. चादरीवर फिकट बदकं होती, त्यामुळे 'दत्तक आणि प्रतिपालकत्व : कायद्याची अंमलबजावणी' हे शीर्षक बदकांच्या पाठीवर बसून आल्यासारखं दिसत होतं.

आसपासच्या चार-पाच संस्थांची माणसं आली होती. कोणी अधीक्षक, कोणी समुपदेशक, कोणी घरभेटी करणारे. ही कामं आपण वर्षानुवर्षं करत आलो, आणि आता ती आपण कशी करत नव्हतो हे कोणीतरी सांगणार, असा भाव सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. यजमान संस्थेच्या अधीक्षिका पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना लहानथोर सगळे मोठ्या बाई म्हणत. पाठीमागे भिंतीपाशी मुलांना सांभाळणाऱ्या मावशी एका गादीला टेकून उभ्या होत्या, कारण खुर्चीत बसलं की त्यांचे गुडघे परत उठायला तयार नसत.

प्रशिक्षक तरुण होता, नम्र होता, आणि शब्दांच्या बाबतीत फार कडक होता. मूल 'द्यायचं' म्हणायचं नाही, मुलासाठी कुटुंब 'शोधायचं' म्हणायचं, असं त्याने सुरुवातीलाच बजावलं. मावशी हळूच पुटपुटल्या, ''म्हणजे तेच, पण लांबून.'' मागची रांग हसली. मोठ्या बाईंनी वळून पाहिलं, आणि रांग कायदा ऐकू लागली.

प्रतिपालकत्व म्हणजे मूल कायमचं दत्तक न देता एखाद्या घरात वाढू देणं, हे सगळ्यांना माहीत होतं. नवीन होतं ते पुढचं. मूल जाणत्या वयाचं असेल तर आधी त्याला विचारायचं. एकट्याला, त्याला कळेल अशा भाषेत, त्याच्या बरोबरीने खाली बसून. आणि ते जे म्हणेल ते मोजायचं.

''हे कागदावर सोपं आहे,'' प्रशिक्षक म्हणाला, ''पण ज्यांनी हे खरोखर केलंय, त्या आज आपल्या यजमान आहेत.''

मोठ्या बाईंनी आधी मागे वळून पाहिलं, त्या कोण म्हणून.

मागच्या आढावा बैठकीत बाईंनीच सांगितलं होतं, असं त्याने सभेला सांगितलं. एका मोठ्या मुलीसाठी एक चांगलं जोडपं आलं होतं. मोठ्या मुलांना कोणी विचारत नाही, सगळ्यांना तान्ही हवी असतात. तरीही मुलीची इच्छा नाही म्हटल्यावर बाईंनी त्या जोडप्याला नकार कळवला. ''हातात आलेलं घर सोडलं, पण मुलीचा शब्द मोडला नाही. कायदा म्हणतात तो हा.'' टाळ्या वाजल्या. चादरीवर नवीन चित्र आलं. संस्थेचं नाव नव्हतं, पण मथळा होता : 'मुलीची इच्छा नाही.' सगळ्या संस्थांना हेच उदाहरण शिकवतो, असं तो अभिमानाने म्हणाला.

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लोकांना तो संकोच वाटला, आणि संकोच त्यांना शोभूनही दिसला.

खरं असं होतं की बाईंनी त्या मुलीला काही विचारलंच नव्हतं.

जोडपं आलं होतं ते तान्ह्या मुलासाठी. नवरा बस चालवणारा, बायको दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस. ओसरीवर वाट बघत बसले असताना त्यांना ताई दिसली. ताई हे तिचं नाव नव्हे, हुद्दा होता; सगळी लहान मुलं तिला ताई म्हणत, मग मोठी माणसंही म्हणू लागली. अकरा वर्षांची ती पोर एका मुलाला कडेवर घेऊन, दुसऱ्याच्या बुटाची नाडी बांधत, तिसऱ्याला नाक शिंकरायला सांगत होती. जाताना बसवाल्याने बिचकत विचारलं, ''बाई, ती जी मोठी आहे ना, तिचं काही ठरलंय का कुठे?''

बाईंना आधी आनंदच झाला होता. आनंद साधारण रात्रीपर्यंत टिकला. मग ताईशिवायची सकाळ त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. कोणाला दूध नुसतं बघूनच उलटी होते, कोण अंधाराला घाबरतं, कोण रडलं तर खरंच दुखतंय आणि कोण रडलं तर दुर्लक्ष करावं, हे सगळं त्या मुलीच्या डोक्यात होतं. मावशींच्या मदतीची जागा कित्येक वर्षं भरलीच गेली नव्हती. त्या जागेवर अकरा वर्षांची मुलगी काम करत होती, आणि हे कोणाच्या लक्षात येत नव्हतं. बाईंच्याही नाही, कारण लक्षात आलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

म्हणून बसवाल्याचा फोन आला तेव्हा बाई म्हणाल्या, ''तिची इच्छा नाही हो. ती इथेच रमलीय.'' पहिलं वाक्य खोटं होतं. दुसरं इतकं खऱ्यासारखं वाटलं की त्याच्या सावलीत पहिलंही खपून गेलं. पुढे बैठकीत कोणीतरी विचारलं, तेव्हा तेच तोंडातून गेलं. खोट्याला एकदा घरी जेवायला बसवलं की ते आपणहून पाट मांडून घेतं.

''तर बाई,'' प्रशिक्षक म्हणाला, ''तुम्ही तिला कसं विचारलंत, ते जरा करून दाखवाल?''

मुलगी व्हायला नवी पुढे आली. नवी म्हणजे संस्थेत नुकतीच लागलेली, घरभेटी करणारी मुलगी. ती बुटक्या स्टुलावर बसली, गुडघे जुळवले आणि मान खाली घातली. खोली हसली. बाई समोर बसल्या. आणि त्यांनी ते सुरेख केलं. आवाज मऊ केला, इकडचं तिकडचं बोलल्या, घाई केली नाही. न केलेलं काम आपल्याला इतकं छान जमतं, हे त्यांनाही त्याच वेळी कळलं.

''तुला त्यांच्या घरी राहायला आवडेल का?''

''हो,'' नवी म्हणाली.

खोलीत हशा पिकला. प्रशिक्षकाने हात वर केला. ''नाही, नाही. प्रत्यक्षात मुलगी नाही म्हणाली होती. तसं घेऊ या.''

''सॉरी,'' नवी ओशाळून म्हणाली. ''मला कोणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, म्हणून पटकन...''

पुन्हा झालं. बाईंनी पुन्हा विचारलं. या वेळी नवी ''नाही'' म्हणाली, आणि बरोबर आलं का, अशा नजरेने बाईंकडे पाहू लागली.

''कारण विचारा,'' प्रशिक्षक म्हणाला.

''का गं?''

नवीने जरा विचार केला. ''तुम्हाला वाईट वाटेल ना, बाई.''

प्रशिक्षक खूष झाला. मूल कित्येकदा आपलं मन राखायला उत्तर देतं, हा मुद्दा तो पुढे घेणारच होता, तो आयताच सापडला. तो बोलत राहिला आणि लोक लिहून घेत राहिले. बाई स्टुलासमोरच्या खुर्चीत तशाच बसून होत्या. शाळेत असताना एकदा दुसऱ्याच्या चित्रावर त्यांना शाबासकी मिळाली होती. पण तेव्हा निदान कोणीतरी चित्र काढलेलं होतं.

जेवणाची सुट्टी झाली तशा त्या वर गेल्या. खाली मीटिंग आहे म्हणून ताईने सगळ्या पोरांना वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं आणि जो शेवटी बोलेल तो राजा, असा खेळ लावून दिला होता. बाईंनी तिला शेजारच्या खोलीत बोलावलं. ती हात पुसत आली आणि दारातच म्हणाली, ''धाकट्याने फोडलं का काही?'' एकटीला बोलावण्याचं दुसरं काही कारण असू शकतं, हे तिला माहीत नव्हतं.

बाई बरोबरीने बसायला म्हणून लहान मुलांच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची कुरकुरली. ताई लगेच पुढे झाली, ''थांबा, तुमची आणते.''

''राहू दे. बस तू.''

ती बसली, पण अर्धीच, केव्हाही उठता यावं अशी. खाली केलेलं सगळं बाईंना आता जमेना. मऊ आवाज तर निघालाच नाही. मध्ये दोघं आले होते, तो बस चालवणारा आणि त्याची बायको, असं त्यांनी कसंबसं सांगितलं.

''हो, त्या काकूंनी मला सेफ्टी पिन दिली होती. बाळ नाही नेलं त्यांनी.''

''ते तुझ्यासाठी विचारत होते.''

पलीकडच्या खोलीत कोणीतरी खेळ हरलं आणि हसण्याची लाट उठली. ताईने सवयीने तिकडे मान वळवली, मग परत इकडे.

''त्यांच्या घरी राहायला. कायमचं. तुला आवडेल का?''

''तिकडे लहान किती आहेत?'' ताईने विचारलं.

बाईंना प्रश्न आधी कळलाच नाही. कळला तेव्हा त्यांना खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धराव्याशा वाटल्या.

''एकही नाही गं.''

''मग मी काय करू तिकडे?''

यावर कायद्यात काही दिलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, शाळेत जाशील, खेळशील. ताई ऐकून घेत होती, एखाद्या नव्या कामाच्या सूचना ऐकाव्यात तशी. मग तिने विचारलं, आपण नेमकं काय उत्तर द्यायचं असतं. बाई म्हणाल्या, तुझ्या मनात असेल ते. त्यावर ती बराच वेळ फ्रॉकच्या शिवणीतला दोरा ओढत राहिली आणि मग अगदी हळू, चोरी कबूल करावी तशी म्हणाली, ''मला बघायचंय ते घर.''

खाली प्रशिक्षक एकटाच यंत्राच्या वायरी सोडवत होता. बाईंनी त्याला उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तो वायर हातात धरून ऐकत राहिला. भला माणूस होता, त्याला खरोखर वाईट वाटलं. पण त्याच्या चेहऱ्यावर दुसरंही काही येत होतं, ते त्याला लपवता आलं नाही.

''उदाहरण सगळीकडे गेलंय हो,'' तो म्हणाला. ''फार चांगलं उदाहरण आहे.''

''खोटं आहे.''

''खोटं म्हणण्यापेक्षा... काल्पनिक म्हणता येईल.''

शब्दांच्या बाबतीत तो खरंच फार कडक होता.

सुट्टीनंतर त्याने तो विषय नाहीच काढला, तेव्हा बाई स्वतः उभ्या राहिल्या. त्यांनी भाषण केलं नाही. मी त्या मुलीला विचारलं नव्हतं, तिच्या कामाची मला गरज होती म्हणून तिच्या नावावर नकार कळवला, एवढंच सांगून त्या खाली बसल्या. लोक धक्का बसल्यासारखं करतील, निदान कुजबुजतील, अशी त्यांनी तयारी ठेवली होती. तसं काही झालं नाही. लोक बिस्किटांकडे बघत राहिले. नवीचे तेवढे डोळे मोठे झाले होते. मावशी गादीला टेकून जमिनीकडे पाहत होत्या. चहाच्या वेळी दुसऱ्या एका संस्थेच्या अधीक्षिका जवळ आल्या, बाईंच्या दंडाला हात लावला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ''आमच्याकडेही आहे हो एक. स्वयंपाकघरात.'' हे सांत्वन होतं. बाईंना ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी त्यांनी फोन केला. बायकोने उचलला. संस्थेतून म्हटल्यावर तीच घाईघाईने बोलू लागली, की आम्ही अजिबात रागावलो नाही, मुलीची इच्छा नव्हती तर जबरदस्ती कशाला, तिला तसं सांगा हं, तिला ओझं नको वाटायला.

बाईंनी तिला पुरतं बोलू दिलं, कारण थांबवायचं धाडस होत नव्हतं. मग म्हणाल्या, ''तिला विचारलं नव्हतं. मीच ठरवलं होतं.''

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

''म्हणजे आम्ही तिच्यासाठी विचारलं, हे तिला कळलंच नाही?''

''आज सांगितलं.''

''इतके दिवस तिला वाटत होतं की कोणी विचारलंच नाही.''

''हो.''

बाईंना वाटलं होतं, सांगितलं की थोडं हलकं वाटेल. तसं काही होत नव्हतं.

''ती काय म्हणाली?''

''घर बघायचंय म्हणाली.''

पलीकडे बाजूला कोणाशी तरी बोलणं झालं, दबलेल्या आवाजात. मग ती परत आली. ''आम्ही शनिवारी येतो. आधी तिच्याशी बोलू, मग तिला घर दाखवायला नेऊ. आणि बाई, आम्ही तिच्याशी बोलू तेव्हा तुम्ही तिथे नसलात तर बरं.''

''बरं,'' बाई म्हणाल्या.

शनिवारी ते दोघे आले, आणि नवी आत ताईसकट त्या तिघांबरोबर बसली. बाईंच्याच खोलीचं दार बाईंसमोर बंद झालं. येणारे-जाणारे ज्या बाकावर वाट बघत बसतात, त्या बाकावर त्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बसल्या. बाक अरुंद होता. माणसाने जास्त वेळ बसू नये, अशा बेताने केलेला. वरून पोरांचा गलका चालू होता आणि मावशी एकट्याच त्याच्याशी झुंजत होत्या. वर जायला हवं होतं. बाई उठल्या नाहीत.

आत बराच वेळ फक्त बसवाल्याचा आवाज येत होता. तो काहीतरी करून दाखवत असावा, बहुतेक गर्दीतला कंडक्टर. मग कोणीतरी हसलं. जोरात, फुस्सकन, नाकातून, मध्ये श्वास अडकून पुन्हा. बाईंनी मान वर केली. नवी असं हसत नव्हती. ती काकूही नसावी, तो आवाज लहान मुलीचा होता. आत आणखी कोण आहे, याचा त्यांना क्षणभर उलगडाच होईना.