गॅलरीतली आजी

केळं सोलताना मधोमध मोडलं, एवढंच निमित्त झालं. चार वर्षांच्या मुकुलला ते अख्खं हवं होतं. दुसरं नको, हेच हवं, आणि तेही जोडून. त्याने फरशीवर अंग टाकलं आणि असा टाहो फोडला की विक्रोळीच्या त्या अकराव्या मजल्यावर कुणी पोराचा जीव घेतंय असं वाटावं. त्याच्या आजीचा, जानकीबाईंचा, हात शिवशिवला.

पण घरात कायदा होता. सूनबाई श्रुतिका मुलं वाढवण्याच्या कसल्याशा ऑनलाइन वर्गाला बसली आणि तेव्हापासून पोराला मारायचं नाही, ओरडायचं नाही, धाकसुद्धा घालायचा नाही. "आई, राग आला ना, तर दोन मिनिटं तुम्हीच बाजूला व्हा," असं गोड आवाजात सांगून ती डबा उचलून ऑफिसला पळायची. मागे दिवसभर पोर आजीच्या गळ्यात. पूर्वीच्या चाळीत निदान दार उघडं असायचं, पोर फारच रडलं तर शेजारीण उचलून न्यायची. इथे दार लावलं की आजी आणि नातू, आणि चार भिंती. जानकीबाईंचा जीव गुदमरायचा. मग त्या सुनेच्या मागे स्वतःचा कायदा चालवत, आणि मुसमुसणाऱ्या पोराच्या हातावर चॉकलेट ठेवून म्हणत, "मम्मीला सांगायचं नाही हं."

आज मात्र काय सुबुद्धी सुचली कोण जाणे, त्या खरोखरच बाजूला झाल्या. वाळलेले कपडे काढायला म्हणून गॅलरीत गेल्या. मागे काचेचं दार सरकलं आणि आतून खटका पडला.

"उघड रे," जानकीबाई म्हणाल्या. काचेपलीकडे मुकुल शेंबूड ओढत उभा होता. त्याने मान हलवली.

आणि तेवढ्यात त्यांना आठवलं, गॅसवर दूध ठेवलंय. ते उतू जाणार, ज्योत विझणार आणि गॅस घरभर पसरणार. पोर आत एकटं. मोबाइल आत, सोफ्यावर.

"उघड म्हणते ना! पप्पांना येऊ दे, मग बघ!" त्या ओरडल्या. मुकुल दोन पावलं मागे सरकला, स्वयंपाकघराच्या दिशेने. मग चॉकलेट झालं, मोबाइलवरचं कार्टून झालं, पोरगं हललं नाही. त्यांनी जाळीला तोंड लावून खाली वॉचमनला हाका मारल्या. हायवेच्या आवाजात त्या कुठे विरल्या कळलंच नाही. समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या एसीमुळे बंद. एवढी माणसं आजूबाजूला, आणि ऐकणारं एक नाही.

"सोन्या, उघड रे राजा. मी तुका मारूचंय नाय," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. घाबरल्या की त्यांच्या तोंडी मालवणी यायची.

"मारणार तू."

"नाही रे, शप्पथ."

"तेव्हा पण नाही मारणार बोललीस. मग मी पलंगाखालून आलो. मग मारलंस."

'ये, काही करत नाही' म्हणून बोलवायचं आणि हाताला लागला की धपाटा घालायचा, जानकीबाईंच्या आईने हेच केलं, त्यांनी स्वतःच्या मुलाला, सुयोगला, वाढवताना हेच केलं. त्याला खोटं बोलणं म्हणतात हे आजवर त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आतून करपल्याचा वास यायला लागला.

त्या मटकन खाली बसल्या. त्यांचं तोंड आता मुकुलच्या तोंडासमोर आलं.

"तेव्हा मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. आता मला भीती वाटतेय रे. खूप."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मुकुल ते बघत होता. मोठ्या माणसाला रडताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"हात मागे कर," तो म्हणाला.

त्यांनी केले.

"अजून मागे."

खटका निघाला. जानकीबाई गुडघ्याचं दुखणं विसरून धावल्या. शेगडी दुधाने माखली होती, ज्योत कधीच विझली होती. त्यांनी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि वळून पाहिलं. मुकुल गॅलरीच्या दारातच उभा होता. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही गाल हातांनी झाकलेले. त्या लांबच थांबल्या. त्याने हात काढायला बराच वेळ लावला.

संध्याकाळी श्रुतिका आली. तिने पर्सही खाली ठेवली नव्हती, तोच मुकुल धावत तिला बिलगला.

"मम्मी, आज आजीने मला मारलंच नाही!"

श्रुतिकाने मान वर करून सासूकडे पाहिलं. 'पोर आहे, काहीही बोलतं' हे वाक्य जानकीबाईंच्या ओठांवर तयार होतं. मुकुलही वळून त्यांच्याकडेच बघत होता.

"खरं बोलतोय तो," जानकीबाई म्हणाल्या.