ऑप्शन बेचाळीस

चूक माझी होती, हे आधीच सांगते. नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला येऊ नये.

सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात नेटवर्क मी सांभाळते. हजेरीचं थंब मशीन चालू झालं की सर्व्हरला विचारतं, माझा नंबर काय? सर्व्हर नंबर देतो आणि सोबत मी भरून ठेवलेलं सगळं सांगतो. घड्याळ कुणाकडून लावून घ्यायचं, हेसुद्धा. त्या रकान्याचं नाव ऑप्शन बेचाळीस. तिथे मी घाईत स्टोअरमधल्या जुन्या सर्व्हरचा नंबर घातला. त्याचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं.

पंधरा दिवसांनी शिपाई मडिवाळप्पा माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, मी पावणेदहाच्या ठोक्याला येतोय की. मशीन नऊ छप्पन म्हणतंय. एकतीस वर्षांत एक लेट मार्क न्हाय माझा. आता धा दिवसांत रिटायर, आन् बारा लागले. निरोपाला साहेब काय बोलतील माझ्याबद्दल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकी कुणीच तक्रार कशी केली नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

ऑप्शन सुधारला. शिवपुत्र साहेबांपुढे कबुली दिली आणि सगळ्या नोंदी अकरा मिनिटं मागे घेऊ म्हटलं. साहेबांनी जाण्याच्या वेळा पाहिल्या. मशीनमध्ये सुटायचे सव्वासहा झाले की मडिवाळप्पा सोडून अख्खं ऑफिस रांगेत थंब देऊन पसार. म्हणजे खरे सहा वाजून चार मिनिटं. साहेबांसकट. सकाळचे लेट मार्क त्यांना नवे नव्हते, संध्याकाळची अकरा मिनिटं नवी होती.

"मशीन बरोबर आहे," साहेब म्हणाले.

"निदान मडिवाळप्पांचं तरी दुरुस्त करू?"

"मग मशीन चुकलं असं होईल."

माझं डोकंच सटकलं. दुरुस्त यादी काढली, खाली सही ठोकली, एक प्रत मुख्य कार्यालयाला पाठवली, एक नोटीस बोर्डावर लावली. एकोणसाठ नावांपुढे 'लवकर गेले'. मडिवाळप्पांपुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयाने त्यांचे बाराही लेट मार्क काढून टाकले.

मडिवाळप्पांनी बोर्डावरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"माझंच तेवढं लावायचं की, मॅडम," ते म्हणाले. "हितं अजून आठ दिवस डबा खायचाय मला."

दुपारी ते जेवणाच्या टेबलावर बसले तसे बाकीचे एकेक करून उठले. मी माझा डबा घेऊन समोर बसले. त्यांनी शेंगाचटणीचा डबा माझ्यापुढे सरकवला. चटणी सगळ्यांना पुरेल एवढी होती.