फुगे झाकलेली आठ पानं

माझ्या मुलाच्या चित्रकथांची वाहवा करणारे पुष्कळ होते, नावं ठेवणारी मी एकटी. घाबरट कप्तान आणि त्याची धीट शेळी यांच्या सफरी तो सोळा वर्षं काढत होता. छापायला जाण्याआधी प्रत्येक पान माझ्यापुढे यायचं. पात्रांच्या बोलण्याचे फुगे तो चिटोऱ्यांनी झाकायचा आणि विचारायचा, "सांग आई, काय चाललंय?" माझी शाळा दुसरीत संपली. त्यामुळे मी शब्दांना भुलत नाही, असं त्याचं म्हणणं. फुगे झाकून जे मला कळलं नाही ते चित्र वाया गेलं, असा त्याचा हिशेब.

मीही सोडायची नाही. "हा मेला पहिल्या चौकटीत डावीकडे पळतोय आणि दुसरीत उजवीकडे. घरी काही विसरला का?" "घाबरलाय म्हणतोस, मग पोट असं निवांत का सुटलंय? घाबरल्या माणसाचं पोट आत जातं." "विनोदाआधी एक चौकट मोकळी सोड. घास गिळायला वेळ नको का?" तो चरफडायचा, पान फाडायचा, नवं काढायचा. मी हसले तर मात्र दिवसभर शीळ घालत फिरायचा. मी काही उठसूट हसणारी नव्हे.

गेल्या वर्षी झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. पाय थोडाफार परत आला, हात आला नाही. संपादकांनी जुनीच पानं पुन्हा छापून दहा महिने रेटले. मग त्यांचा फोन आला. माणूस वाईट नाही, बोलताना शंभरदा खाकरला. म्हणाला, डाव्या हाताने आठ पानं काढून पाठवा. जमली तर कप्तान तुमचाच, नाहीतर दुसऱ्या चित्रकाराकडे द्यावा लागेल.

पोरगा टेबलाशी बसला. कागद सरकू नये म्हणून सून त्यावर थंड इस्त्री ठेवायची. एक चौकट काढायला त्याला सगळी सकाळ लागायची, आणि उठताना तो पानांवर टॉवेल टाकायचा. "पुरं झाल्यावर बघ," म्हणायचा.

मी कसली थांबते? सून त्याला व्यायामाला घेऊन गेली तशी मी टॉवेल उचलला. पहिलं पान सुलटं धरलं, उलटं धरलं. माणूस कुठला, दगड कुठला, काही उमगेना. सगळ्या रेघा थंडीने कुडकुडत होत्या. पान ठेवलं आणि तिथेच बसून राहिले.

संध्याकाळी सून भाजी निवडताना म्हणाली, "आई, यावेळी जरा जिभेला आवरा."

"सोळा वर्षांत मी त्याच्याशी खोटं बोलले नाही."

"मग आता एकदा बोला की! तुमच्यावर कोण संशय घेणार आहे?"

तिला टाकून बोलले, पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. चित्र काढण्याआधी तो गोष्ट कागदावर लिहून काढतो, ते कागद खणात असतात. दुसऱ्या दिवसापासून ते दोघं व्यायामाला गेले की मी खण उघडायची. एकेक अक्षर बोटाने दाबून धरत वाचलं. जोडाक्षर आलं की पायात दगड आल्यासारखं व्हायचं. पाच दिवस लागले, पण आठही पानांची गोष्ट पाठ केली. कप्तान खजिन्यासाठी गुहेत शिरतो, आत अस्वल झोपलेलं, हा त्याच्याच पोटावर बसून नकाशा बघतो. सातव्या पानावर शेळी येते, नकाशा खाऊन टाकते, आणि तिच्या ढेकरेने अस्वल जागं होतं.

मग तो दिवस आला. त्याने पानं मांडली, सुनेने फुगे झाकले. मी चष्मा पुसला आणि सुरू झाले. कुठे अडखळले नाही. मधेच एक खोड काढली, नाहीतर त्याला वास आला असता. "गुहेचं तोंड जरा मोठं हवं होतं," म्हटलं. त्याचा चेहरा उजळत चालला. सून दाराशी उभी राहून पदराने डोळे टिपत होती.

सातवं पान आलं. मी मांडीवर थाप मारली. "अगं बाई, या शेळीने नकाशाच खाल्ला की!"

त्याने पानावर वाकून बघितलं. मग म्हणाला, "शेळी कुठाय?"

"ही काय."

"तो खडक आहे."

"मग ही."

"ती कप्तानाची टोपी आहे, आई. शेळी काढलीच नाही मी. तिचे पाय जमेनात. लिहिलेलं बदलायचं राहिलं."

माझं पितळ उघडं पडलं.

"किती दिवस वाचत होतीस?"

"पाच."

"बरंच भराभर वाचलंस की," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. मग त्याने आठवं पान पुढे सरकवलं. "आता हे सांग. पाठ केलेलं नको."

मी बघितलं. खूप वेळ बघितलं.

"नाही रे कळत," म्हटलं.

त्याने सुनेकडून संपादकांना फोन लावून घेतला आणि स्वतःच सांगितलं, कप्तान दुसऱ्याकडे द्या.

दोन महिन्यांनी संपादकांचा फोन आला. नव्या चित्रकाराची पानं तयार आहेत, आईंनी एकदा नजर टाकावी.

"का, त्याला आई नाही?" मी म्हटलं.

"बघ, आई," पोरगा म्हणाला. "कप्तान वाकडा निघायला नको."

पानं आली. मी खोट काढायलाच बसले होते. कप्तान एकाच दिशेने पळत होता. पोट आत होतं. शेळी चारी पायांवर उभी होती. आठ पानं मी पाण्यासारखी सांगितली, आणि एका जागी हसू दाबायला गेले तर ठसका लागला.

"माझ्यापेक्षा बरी आहेत?" त्याने विचारलं.

सून मला डोळ्यांनी खुणावत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"आत्ताच्या तुझ्यापेक्षा बरी आहेत," म्हटलं.

"तसं कळव मग त्यांना," तो म्हणाला, आणि काठी शोधायला वाकला. काठी त्याच्या उजव्या बाजूला होती. मीच उचलून दिली.