मनाचा आराखडा, प्रमाण एकास पन्नास

नकाशे काढण्याच्या कचेरीत पस्तीस वर्षं काढून पट्टीसाहेब निवृत्त झाले, तेव्हा कचेरीने सुटकेचा श्वास सोडला आणि घराने तो रोखून धरला. तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागे नुसतं 'पट्टी', असा त्यांचा लौकिक. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातली सगळी दारं मोजली. दुसऱ्या आठवड्यात ती चुकीच्या जागी असल्याचं जाहीर केलं. तिसऱ्या आठवड्यात भांडी विसळणाऱ्या बायकोला कोपराचा योग्य कोन सांगितला. त्याच दिवशी तिने लेकीला फोन केला, "तुझ्या बाबांच्या हातात काहीतरी दे बाई, नाहीतर माझ्या हातात काहीतरी येईल."

लेक जाडजूड चित्रवही घेऊन आली. रोज एक चित्र काढायचं, खाली मनातल्या चार ओळी लिहायच्या आणि शनिवारी चित्रकलेच्या बाईंना नेऊन दाखवायचं.

"मन हलकं होतं बाबा."

"कुणाचं?"

लेकीने आईकडे पाहिलं आणि उत्तर गिळून टाकलं.

आता मन हलकं करायचं तर एकांत हवा. पट्टीसाहेबांनी बोळाच्या टोकाची मागची खोली ताब्यात घेतली. लेकीच्या लग्नानंतर रिकामी झालेल्या या खोलीवर बायकोचा डोळा होता. ती शिवणकाम करायची आणि तिचं मशीन गेली वीस वर्षं बोळात, न्हाणीघराच्या दाराशेजारी उभं होतं. कुणीही आलं-गेलं की तिने उठायचं, स्टूल सरकवायचं, भिंतीला चिकटून वाट द्यायची आणि परत बसून सुटलेली शिवण शोधायची. डोळेही आता दोरा ओवताना कुरकुर करू लागले होते. मागच्या खोलीत मोठी खिडकी होती. खोली रिकामी झाली की मशीन तिथे, असं दोघांचं ठरलं होतं. म्हणजे तिने ठरवलं होतं आणि साहेबांनी वर्तमानपत्राआडून 'हं' केलं होतं.

"अहो, माझ्या मशीनचं काय?"

"अगं, कला आधी. शिवण काय, कुठेही होते."

पहिल्या दिवशी त्यांनी चहाचा कप काढला. वरून, समोरून आणि मधोमध कापून. कानाची जाडीसुद्धा लिहिली. खाली मनोगत: 'चहा समाधानकारक.' शनिवारी बाईंनी ते पान बराच वेळ न्याहाळलं.

"छान. पण यात तुम्ही कुठे आहात?"

"मी बाजूला, अडीच फुटांवर."

"तसं नाही हो. भावना कुठे आहे?"

पट्टीसाहेबांनी सूचना नोंदवून घेतली. पुढच्या आठवड्याच्या प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात एक चौकट आली. तिच्यात लिहिलेलं असे, 'भावना: होय.'

बाई तरुण होत्या, तरी सोशिक होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, एक करा. एक अख्खा दिवस घरातल्या माणसाकडे नुसतं बघा. मापं घ्यायची नाहीत. बघायचं आणि जे दिसेल ते काढायचं."

घरात बघण्यासारखं माणूस एकच होतं. सोमवारी सकाळी साहेबांनी घराचा नकाशा काढला आणि बायको जिथे जिथे जाईल तिथे तिथे रेघ ओढायला सुरुवात केली. ती मशीनवरून उठली की एक वेटोळं. माप घ्यायचं नाही म्हणून त्यांनी फक्त मोजलं. मधूनमधून खोलीतून उठून ती काय करते आहे हे बघून येत. खोडरबर दिसेना म्हणून गेले, पाणी प्यायला गेले, वाजले किती ते बघायला गेले.

संध्याकाळपर्यंत बोळाच्या जागी इतकी वेटोळी झाली, की कागद फाटायला आला. पस्तीस वर्षांत इतकं जिवंत रेखाटन आपल्या हातून झालं नाही, याबद्दल साहेबांच्या मनात शंका उरली नाही. खाली त्यांनी सवयीने 'आरेखन, तपासणी, मंजुरी' या तिन्ही जागी सही ठोकली, तारीख घातली आणि मनोगत लिहिलं: 'एका दिवसात एकतीस वेळा उठणे. कारण समजले नाही. जागेचे नियोजन अत्यंत गलथान. जबाबदार व्यक्तीस समज द्यावी.'

मग कौतुकाच्या अपेक्षेने ते पान बायकोसमोर धरलं. ती मशीन थांबवून बघत बसली. इतका वेळ तिने त्यांच्या कुठल्याच कामाकडे बघितलं नव्हतं.

"ही गुंता झालेली मी?"

"हो. उत्तम उतरली आहेस."

"आणि ही तुटक रेघ? खोलीतून निघते, माझ्यावरून जाते आणि परत खोलीत शिरते."

"तो मी. पूर्णतेसाठी घातलाय."

"बरं. मग मोजा, यातल्या किती वेळा मी तुमच्यासाठी उठले?"

साहेबांनी पेन्सिलीच्या टोकाने मोजलं. सव्वीस. शंका आली म्हणून परत मोजलं. सत्तावीस निघाली.

"तुमची ती पाणी प्यायची खेप राहिली होती," बायको म्हणाली. "आता वाचा बघू, जबाबदार व्यक्तीस काय द्यावी?"

बायकोशी वाद घालणं साहेबांना जमत होतं, लेकीशी जमत होतं, बाईंशीही जमलं असतं. पण समोर सही-तारखेचा मंजूर नकाशा होता आणि असा नकाशा खोटा म्हणण्याची सोय त्यांनी आयुष्यात स्वतःला ठेवली नव्हती. त्यांनी तो आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. मशीन मागच्या खोलीत सरकवलं आणि आपली खुर्ची पुढच्या खोलीत नेली, तर सत्तावीसच्या सत्तावीस वेटोळी जात होती. दुसरा मार्गच निघत नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"यात एक सुधारणा सुचते आहे," ते घसा खाकरत म्हणाले.

"काय सांगता?"

"मशीन मागच्या खोलीत गेलं पाहिजे. उजेडही डावीकडून येतो तिथे. अगदी शास्त्रशुद्ध."

"तुम्हाला सुचलं ना, मग असेलच."

"हा निर्णय पूर्णपणे माझा आहे, हे ध्यानात असू दे."

"आहे ध्यानात," बायको पदर खोचत म्हणाली. "आता तिकडून धरा. आणि वाकताना कोन बघत बसू नका, जड आहे ते."