भिंतीपलीकडचा टीव्ही

छत्री जागेवर नव्हती.

पाण्याची टाकी बघायला ती गच्चीवर आली आणि जिन्याच्या तोंडाशीच थबकली. छत्री म्हणजे शेजारच्या ड्रायव्हरकाकांच्या टीव्हीची डिश. दोन घरांमधल्या सामाईक कठड्यावर ती इतकी वर्षं मुक्काम ठोकून होती, की तिच्याशिवाय कठडा दात पडलेल्या तोंडासारखा दिसत होता. बोल्टांची भोकं सिमेंटने बुजवली होती. सिमेंट सुकलेलं, पण ताजं.

ह्या छत्रीपायी बाबांनी काय काय केलं नव्हतं! ते जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म लोकांच्या हद्दी मोजण्यात गेला. म्हातारपणी स्वतःच्या वाट्याला वीतभर रुंदीची ही एकच हद्द आली, आणि ती त्यांनी जिवापाड सांभाळली. कठड्याच्या बरोब्बर मधोमध त्यांनी लाल रेघ ओढली होती. छत्रीचे दोन बोल्ट रेघेच्या अलीकडे येत होते. दोन बोटांचा मामला. "दोन बोटं असोत नाहीतर दोन एकर, अतिक्रमण ते अतिक्रमणच," असं बाबा म्हणायचे. त्यावर पलीकडून काका ओरडायचे, "ह्या फूटपट्टीला सांगा कुणीतरी, छत्री हलवली तर माझा सिग्नल जातो. त्यांचं काय जातंय?" तक्रारी झाल्या, मध्यस्थ झाले, पालिकेचा माणूस दोन्ही घरचा चहा पिऊन गेला. छत्री तसूभर हलली नाही.

आणि बाबा गेले, तशी लगेच तीही गेली. मनात पाल चुकचुकली.

तिने भावाला फोन लावला. तो दूरच्या शहरात; अंत्यविधी उरकून, घर विकण्याचं तिच्या गळ्यात घालून परत गेला होता.

"दादा, त्यांनी छत्री काढली."

"मग बरंच झालं की! घर विकताना एक कटकट कमी."

"पण आत्ताच का?"

"माणूस गेल्यावर लाज वाटली असेल."

"लाज वाटणारी माणसं आहेत का ती?"

"हे बघ, वाचनालयात बसून रहस्यकथा फार वाचल्यास तू. टाकीत पाणी आहे का ते सांग."

टाकीत पाणी होतं. पण मुरत होतं ते दुसरीकडेच, अशी तिची खात्री होत चालली. खाली येऊन ती नीट कान देऊन बसली, तेव्हा लक्षात आलं की ती आल्यापासून शेजारचा टीव्ही एकदाही लागला नव्हता. ज्या घरातल्या बातम्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायच्या, त्या घरात आता फक्त भांड्यांचा आवाज. काकांचा एक कान इंजिनाशेजारी बसून बसून गेला होता, त्यामुळे टीव्ही कायम ठणाणा. तोही आता गप्प. तिने दार उघडलं की पलीकडचं बोलणं तुटायचं. बाबांना नेलं त्या दिवशी काकू दाराआडूनच बघत होत्या. पुढे आल्या नाहीत.

बाबांची खुर्ची त्याच सामाईक भिंतीला लागून होती. टीव्हीचा आवाज चढला की ते बसल्या जागेवरून काठीने भिंत ठोकायचे. काका लगेच आवाज आणखी वाढवायचे. हा सामना रोजचा. खुर्चीच्या हाताच्या उंचीवर चुन्यात देवीच्या वणांसारखे खळगे पडले होते, जुने, धुरकटलेले.

झाडायला म्हणून तिने खुर्ची सरकवली. खाली, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, आणखी खळगे होते. पांढरेशुभ्र. त्यांच्याखाली चुन्याची पूड तशीच पडलेली.

ती खाली बसली. मग आडवी झाली, सकाळी पेपरवाल्याला बाबा ज्या जागी सापडले होते तिथेच. काठी त्यांच्या हातात होती. चालताना तोल गेला असणार, म्हणून काठी हातात, असं सगळे धरून चालले होते. तिने झोपल्या झोपल्या हात लांब केला. बोटं त्या पांढऱ्या खळग्यांना लागली.

म्हणजे पडल्यावर ते शुद्धीत होते. भिंत ठोकत होते. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आदल्या संध्याकाळीच पडले असावेत. त्यानंतर बराच वेळ जिवंत होते ते. लवकर आणलं असतं तर..." आणि वाक्य अर्धवट सोडलं होतं. आता त्याला एक प्रश्न जोडला गेला. त्या दोघांनी ऐकलं होतं का? ऐकून बसून राहिले होते का?

ती उठली आणि पदराची पूडही न झटकता शेजारी गेली. काकांनी अर्धंच दार उघडलं.

"काका, बाबा गेले त्या संध्याकाळी तुम्ही घरी होतात?"

"आम्ही? छे! बाहेरगावी मेहुणीकडे गेलो होतो, दोघंही. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो, तर हे असं."

तिने हळू आवाजात विचारलं होतं. एरवी 'काय? काय?' केल्याशिवाय ह्या माणसाच्या कानात शब्द शिरायचा नाही. आज पहिल्या फटक्यात उत्तर तयार होतं.

"आणि छत्री का काढलीत?"

"गंजली होती."

"इतकी वर्षं गंजली नाही ती?"

"काढा काढा म्हणून तुमच्याकडूनच बोंबाबोंब होती ना? काढली. आता काढली म्हणून पंचाईत! माणसाने करायचं तरी काय?"

त्यांच्या खांद्यावरून तिला आतलं दिसलं. टीव्हीवर चादर घातलेली. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या. नजरानजर झाली, तशा त्या आत वळल्या.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला गल्लीची खडानखडा माहिती. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बाहेरगावी? कुठलं काय ताई! त्या संध्याकाळी काकूंनी माझ्याकडून कपडे नेले की. शर्टाची घडी चुकली म्हणून वर चार शब्द ऐकवले. बाहेरगावी असत्या तर माझे कान तरी वाचले असते."

म्हणजे खोटं. घरी परतेपर्यंत तिने मनातल्या मनात फिर्याद रचली होती. पण नोंदवायची कोणाकडे? पोलिसांना काय सांगणार, आमच्या भिंतीला खळगे पडलेत?

दुपारी मागचं दार वाजलं. काकू होत्या, अनवाणी. आत आल्या आणि दार स्वतःच लावून घेतलं. तिने बसा म्हटलं नाही.

"ह्यांनी तुला खोटं सांगितलं. आम्ही घरीच होतो."

"माहीत आहे. इस्त्रीवाला म्हणाला."

"मेला भोचक," काकू सवयीने म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या.

"बाबांनी भिंत ठोकली होती. ती ठकठक ऐकलीत?"

"ऐकली."

तिने उलट काहीतरी येईल ह्याची तयारी ठेवली होती. ह्या एका शब्दाची नव्हती.

"ह्यांना कुठलं ऐकू येतंय, बातम्या चालू होत्या. मी ऐकली. रोजचंच ते. रोज हे आवाज वाढवायचे आणि मी गप्प बसायची. त्या दिवशी मला वाटलं, पुरे झालं. म्हातारं माणूस, एकटं. कशाला छळायचं? मी रिमोट घेतला आणि आवाज कमी केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ग."

"मग?"

"परत ठकठक. म्हटलं, अजून मोठा वाटतोय की काय! म्हणून बंदच केला. हे भडकले माझ्यावर. मी म्हटलं, एक दिवस होऊ दे त्यांच्या मनासारखं."

"मग?"

"आणखी थोडा वेळ वाजत होतं. हळूहळू. मग थांबलं. मला वाटलं, झालं समाधान."

तिने काकूंचा चेहरा नीट न्याहाळला. कुठे काही लपतंय का, जास्तीचं काही आहे का, हे शोधत राहिली. सापडेना. खोटंच रचायचं, तर स्वतःला इतकं बावळट करून घेणारं कोण रचेल? आणि त्या भिंतीपलीकडे ती स्वतः बसली असती, तर तिला तरी दुसरं काय वाटलं असतं? वर्षानुवर्षं त्या ठकठकीचा एकच अर्थ होता. बाबांनीच तो पक्का करून ठेवला होता.

"टीव्ही लावला की मला ते ऐकू येतं. म्हणून छत्री उतरवायला लावली ह्यांना." मग ज्यासाठी आल्या होत्या ते त्यांनी विचारलं. "वाचले असते का ग?"

उत्तर तयार होतं. 'जागच्या जागी गेले, काही कळलंही नसेल.' दादाने सगळ्या नातेवाइकांना हेच सांगितलं होतं, तिनेही मान डोलावली होती. तेच पुन्हा म्हटलं असतं तर काकू घरी जाऊन जेवल्या असत्या. पण नवऱ्याचं खोटं मोडून ही बाई अनवाणी इथपर्यंत आली होती. तिला दुसरं खोटं हातात देऊन परत पाठवणं काही जमेना.

"डॉक्टर म्हणाले, लवकर नेलं असतं तर कदाचित."

काकूंनी मान हलवली. "वाटलंच होतं मला," म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. रडल्या नाहीत. ती त्यांच्यासमोर उभी होती. माफ केलं म्हणावं, तर ते खरं नव्हतं. चालत्या व्हा म्हणावं, तर तेही नव्हतं.

"अगं ए!" पलीकडून काकांची हाक आली. "गेलीस कुठे?"

काकूंनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"अगं! ऐकतेस का?" ह्या खेपेला हाकेत काळजी होती. कुठल्याशा दाराची कडी वाजली, भांडं पडलं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं.

ती भिंतीजवळ गेली आणि सगळा जोर लावून ओरडली, "काका! काकू इकडे आहेत! माझ्याकडे!"

"काय?"

"इकडे आहेत! तुम्हीही या!"

आणि काका येईपर्यंत उघडं असावं म्हणून तिने पुढचं दार उघडून ठेवलं.